जुन्या घराची वीजजोडणी समजून घ्यायची आहे (जिन्याखालचा बोर्ड, दोन किटकॅट आणि एक उघडी तार)

वळचण

घर जुनं आहे. खालचा मजला मूळचा, वरचा नंतर कधीतरी चढवलेला. शेजारचं घर एके काळी याच घराचा अर्धा भाग होतं, मधली भिंत नंतर आली. दुरुस्तीचं काम काढायचं आहे, पण त्याआधी वीज आत कशी येते आणि कुठे कुठे फुटते ते मला स्वतःला समजून घ्यायचं आहे. दोन वायरमन येऊन गेले. एक म्हणाला, सगळं उखडा, नवीन करा. दुसरा म्हणाला, इतकी वर्षं चाललंय ना, कशाला हात लावता. बोर्ड उघडून दोघांनीही पाहिला नाही.

दिसतं ते असं. खांबावरून एक जाड काळी केबल जीआय तारेच्या आधाराने दर्शनी भिंतीपर्यंत येते आणि चिनी मातीच्या वाकड्या नळीतून आत शिरते. जिन्याखाली लाकडी बोर्ड आहे. त्यावर दोन सीलबंद कटआउट (फ्यूजचे डबे), मग मीटर, मग दांडा असलेली लोखंडी पेटी, म्हणजे मेन स्विच. पेटीत दोन किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज. तिथून एक वाट लाकडी पट्टीतून खालच्या खोल्यांत जाते, दुसरी पाइपातून वर, जिथे एमसीबीचा (जादा भाराला आपोआप पडणाऱ्या खटक्यांचा) छोटा डबा आहे. पेटीच्या अंगाला एक उघडी तार नटाने आवळली आहे, ती खाली जाऊन गिलाव्यात गडप होते. आणि कटआउटपासून आणखी एक केबल भिंतीत घुसते, ती कुठे जाते देव जाणे.

गिझर लावला की खालचे दिवे मंदावतात. वरच्या खोलीत लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. दोन किटकॅट म्हणजे दोन फेज का? ती उघडी तार म्हणजेच अर्थिंग का? आणि वीज कंपनीचं कुठे संपतं, आपलं कुठे सुरू होतं?

खटका

किटकॅट काढा, एमसीबी लावा, विषय संपला.

शून्याची_तार

विषय तिथे सुरू होतो, खटकाशेठ. मागे काय आहे ते न बघता पुढे एमसीबी लावलेले बोर्ड मी आयुष्यभर उघडत आलोय.

वळचणताई, तुम्ही बोर्डाचं वर्णन इतकं नीट केलंय की निम्मी उत्तरं त्यातच आहेत. दोन किटकॅट म्हणजे दोन फेज नव्हेत. एकात फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार, दुसऱ्यात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. पूर्वी दोन्ही तारांत फ्यूज घालायची पद्धत होती. आज ती धोक्याची मानतात, कारण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरातलं सगळं बंद पडतं, माणूस समजतो लाइट गेली, आणि फेज मात्र प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत असतो. बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला तिथे झटका बसतो.

कटआउट आणि मीटरची सीलं शाबूत असतील तर तिथपर्यंत कंपनीचा कारभार. मीटरमधून बाहेर पडलेल्या दोन तारांपासून पुढे तुमचा. ही हद्द सगळीकडे साधारण अशीच, तरी तुमच्या कंपनीचे नियम विचारून घ्या. सीलबंद भागात, म्हणजे कंपनीच्या बाजूला, काही तापत असेल, कळकट दिसत असेल, वास येत असेल, तर तक्रार द्यायची; तिथे आपण पेचकस घेऊन जायचं नाही. त्या भागाला तुमचा मेन स्विच बंद करू शकत नाही, तो कायम जिवंत असतो.

भिंतीत घुसणारी केबल बहुतेक शेजारी जाते. एकाच घराची दोन झाली की खांबावरून नवी केबल ओढण्याऐवजी पहिल्या घराच्या कटआउटवरून दुसऱ्याला लूप द्यायचे. तसं असेल तर खांबापासूनच्या त्या एका केबलवर दोन घरांचा भार आहे.

मीटरवाचक

मीटरच्या पाटीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. व्होल्ट, अँपिअर, फेज, तारा किती, सगळं तिथे असतं. चकतीचं मीटर असेल तर एका युनिटला किती फेऱ्या तेही. मग मेन बंद करून चकती थांबते का बघा आणि घरभर फिरून प्रत्येक बटण दाबून बघा, काय बंद झालं आणि काय नाही. दुसरी गोष्ट, फक्त गिझर चालू ठेवून चकतीची एक फेरी किती सेकंदांत होते ते मोजा.

वळचण

पाटी वाचली: २४० व्होल्ट, १०-४० अँपिअर, एक फेज, दोन तारा, युनिटला ६०० फेऱ्या. फक्त गिझर चालू असताना एक फेरी सुमारे २ सेकंदांत होते.

मेन बंद केला. चकती थांबली, खालचं-वरचं सगळं गेलं. जिन्यातला दिवा मात्र चालूच राहिला!

मीटरवाचक

गिझर ३ किलोवॅटचा आहे. ३६०० ला ६०० गुणिले २ ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. म्हणजे १३ अँपिअर एकटा गिझर ओढतो. ४० ही त्या मीटरची कमाल मर्यादा. तुमचा मंजूर भार वेगळा, तो बिलावर असतो.

शून्याची_तार

गिझर राहू द्या. जिन्यातल्या दिव्याला आणि त्याच्या दोन्ही बटणांना आत्ता कोणीही हात लावू नका. घरात रंगारी, गवंडी येणार असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. मेन बंद करून निर्धास्तपणे तो बोर्ड उघडणारा माणूस जिवंत तारेवर बोट ठेवणार आहे.

चकती थांबली तरी दिवा चालू, याचे दोनच अर्थ. एक तर त्याची तार मीटरच्या आधी जोडली आहे, नाहीतर ती शेजारच्या मीटरवरून येते. शेजाऱ्यांना विनंती करा, त्यांचा मेन क्षणभर बंद करायला सांगा.

वळचण

त्यांनी मेन बंद केला आणि दिवा गेला. शेजारचे आजोबा म्हणाले, "अहो, तो जिना आधी आमच्याकडून होता." म्हणजे आमच्या जिन्यातल्या दिव्याचं बिल इतकी वर्षं तेच भरत आहेत.

शून्याची_तार

बिलाचं तुमचं तुम्ही बघा. त्या दिव्याचा फेज त्यांचा आहे हे कळलं, पण न्यूट्रल कोणाचा हे अजून कळलेलं नाही. टू-वे बटणाच्या जिन्यात हे हमखास होतं: फेज एका बाजूने घेतला, न्यूट्रल जवळ दिसेल तिथला उचलला. दिवा पेटतो, कोणाची तक्रार नसते. पण उधारीचा न्यूट्रल असेल तर शेजारचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत जातो. तुमचा मेन बंद असतानाही दिवा पेटला, म्हणजे मेन स्विचच्या पुढचा तुमचा न्यूट्रल तरी तो वापरत नाही, कारण तुमचा मेन दोन्ही तारा तोडतो. अर्थात दोन्ही पाती खरंच उघडत असतील तर. जुन्या पेट्यांत एक पातं चिकटून राहिलेलं मी पाहिलंय, त्यामुळे तपासूनच खात्री धरायची.

ओहमपूर

झिणझिण्यांबद्दल. चार्जरची पिन दोन टोकांची आहे की तीन? दोनची असेल तर अर्थिंग उत्तम असलं तरी हलकी झिणझिण जाणवू शकते, कारण त्या चार्जरला अर्थिंगचा रस्ताच नसतो. तीनची असेल तर मात्र अर्थिंगवर संशय घ्यायला जागा आहे.

मल्टीमीटर हाताळायची सवय असलेल्या कोणाकडून त्या प्लग पॉइंटवर तीन आकडे घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. टेस्टर नको. टेस्टरचा दिवा म्हणजे "इथे काहीतरी आहे" एवढंच. न्यूट्रल मध्येच तुटला असेल आणि एखादं उपकरण चालू असेल तर न्यूट्रलच्या भोकातही टेस्टर पेटतो, आणि लोक "दोन फेज आले" म्हणून घाबरतात.

वळचण

पिन तीनची आहे. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्याने मोजलं. फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ १२०. न्यूट्रल-अर्थ १०८. लॅपटॉप आणि एक प्रिंटर त्याच बोर्डावर होते.

ओहमपूर

नमुनेदार आकडे आहेत. तुमच्या त्या पॉइंटची अर्थिंगची तार कुठेच पोचत नाही.

संगणक, चार्जर, प्रिंटर यांच्या आत गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. बॉडी जमिनीला जोडलेली असेल तर त्यातला सूक्ष्म करंट मुकाट जमिनीत जातो. जोडलेली नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३०च्या साधारण निम्म्यावर. या करंटने माणूस मरत नाही. पण त्याच पॉइंटवर उद्या इस्त्री लावली आणि तिच्या आत फेज बॉडीला टेकला, तर बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि एकही फ्यूज हलणार नाही.

काजवा

एवढं कशाला? होल्डरला दोन तारा लावायच्या, १०० वॅटचा बल्ब, एक तार फेजला, एक अर्थला. लख्ख पेटला तर अर्थिंग आहे, नाही पेटला तर नाही. आमच्याकडे सगळे असंच बघतात.

शून्याची_तार

सगळे बघतात, म्हणूनच लिहितो. अर्थिंगची तार पुढे तुटलेली असेल तर बल्ब पेटणार नाही, पण त्या बल्बमधून फेज अर्थिंगच्या तारेवर चढेल. त्या तारेला घरातल्या ज्या ज्या वस्तूंच्या बॉड्या जोडल्या आहेत, फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, त्या सगळ्या तेवढ्या वेळापुरत्या जिवंत होतील. तुम्ही इकडे बल्बकडे बघत असाल आणि तिकडे कोणीतरी ओल्या हाताने फ्रिज उघडत असेल. ताईंच्या घरात तर अर्थिंग तुटलेलंच आहे. हा प्रयोग तिथे अजिबात नको.

आणि बल्ब पेटला तरी "अर्थिंग चांगलं" ठरत नाही. १०० वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. खराब अर्थिंगही तेवढा करंट सोडतं.

काजवा

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. बंद.

वळचण

मग मेन स्विचपासून गिलाव्यात जाणारी ती उघडी तार?

शून्याची_तार

ती शोधावी लागेल. जुन्या घरांत अशी तार तीनपैकी एका ठिकाणी जाते. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, जिथे पत्रा किंवा पाइप कोळसा-मिठात पुरलेला असतो. किंवा नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असते. किंवा गिलाव्यातच संपते, कारण जमीन करताना कोणीतरी तोडली. तुमच्या घरात प्लंबिंग कधी बदललं होतं का?

वळचण

हो, खालच्या मजल्याचं. सगळे पाइप प्लास्टिकचे केले आहेत. भावाने न्हाणीघराशेजारची कपार उकरून पाहिली. तार तिथपर्यंत येते, तिच्या टोकाला एक गंजलेली पकड आहे, आणि पकडीत काहीच नाही.

ओहमपूर

सापडलं! प्लंबर पाइप काढून घेऊन गेला, त्याला काय माहीत घराचं अर्थिंग त्यावर होतं.

आता नवं अर्थिंग करताना एक हिशोब लक्षात घ्या, कारण इथेच लोक अर्ध्यावर थांबतात. समजा तुमच्या नव्या इलेक्ट्रोडचा जमिनीशी रोध १० ओहम आला आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा २ ओहम. गिझरमध्ये फेज बॉडीला टेकला तर करंट २३० भागिले १२, म्हणजे साधारण १९ अँपिअर. २० अँपिअरची एमसीबी हे १९ अँपिअर दिवसभर वाहू देईल. आणि तोवर गिझरच्या बॉडीवर १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट उभे असतील. अर्थिंग केलं, एमसीबीही लावली, आणि तरी नळाला हात लावणारा वाचला नाही.

म्हणून आरसीसीबी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते. फरक ३० मिलीअँपिअर झाला की तोडते, प्रत्यक्षात १५ ते ३०च्या मध्येच कुठेतरी. मग इलेक्ट्रोड १० ओहमचा असो की १०० चा, बॉडीवर धोक्याचा दाब टिकतच नाही. काही जोडण्यांत कंपनी केबलबरोबरच अर्थिंगची वाट देते, तिथे हिशोब वेगळा असतो आणि एमसीबीही पटकन पडते. तुमच्याकडे दोनच तारा येतात, तेव्हा तुमचा भरवसा स्वतःच्या इलेक्ट्रोडवर आणि आरसीसीबीवर.

खटका

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं ना? ते दाबलं आणि ती पडली की अर्थिंग ठीक समजायचं का?

ओहमपूर

नाही. ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये एका रोधातून थोडा करंट वळवतं. अर्थिंगशी त्याचा संबंध नाही, अर्थिंगची तार कापून टाकली तरी बटण दाबल्यावर ती पडेल. बटणाने फक्त यंत्रणा अडकलेली नाही एवढं कळतं, आणि त्यासाठी अधूनमधून दाबावंच. शिवाय ती जादा भाराला पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर ती पडणार नाही, तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात.

सांजवात

धागा वाचतेय, बरंच कळतंय. अवांतर विचारते: आमच्याही घरी ते जुने काळे गोल खटके आहेत, काहींना पितळी टोप्या आहेत. ठेवता येतील का? मन होत नाही काढायला.

शून्याची_तार

काळे असतील आणि आतली पाती घट्ट बसत असतील तर दिव्यांपुरते ठेवा. पितळी टोपीचे म्हणजे उघडा धातू, आणि त्यांना अर्थिंग जोडायची सोय सहसा नसते. ते भिंतीवर शोभेला ठेवा, तारा काढून. आणि बोर्डाच्या मागे किंवा मीटरखाली राखाडी, सिमेंटसारखा ठिसूळ पत्रा दिसला तर त्याला भोक पाडू नका. जुन्या बोर्डांत आगीपासून बचावासाठी अॅस्बेस्टॉसचे पत्रे बसवत, त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट.

मीटरवाचक

दिवे मंदावण्याचा मुद्दा राहिला. वळचण, शेजाऱ्यांचा पंप किंवा गिझर सुरू झाला की तुमचे दिवे मंद होतात का? होत असतील तर दोष किंवा ओढाताण सामायिक केबलमध्ये, म्हणजे कंपनीकडे. होत नसतील आणि फक्त तुमच्या गिझरने होत असेल तर मीटरच्या पुढे शोधा.

वळचण

त्यांच्यामुळे फरक जाणवत नाही. आता परवानाधारक ठेकेदार नेमला आहे, त्याच्या माणसाने मोजमाप घेतलं. गिझर बंद असताना मीटरच्या बाहेर २३२ आणि मेन स्विचच्या बाहेरही २३२. गिझर चालू केल्यावर मीटरच्या बाहेर २२९, मेन स्विचच्या बाहेर २२४.

शून्याची_तार

माणूस कामाचा मिळालाय, सोडू नका.

३ व्होल्ट खांबापासून मीटरपर्यंत पडले, ते चालतं. पण मेन स्विचच्या पेटीत, एका हाताएवढ्या जागेत, ५ व्होल्ट पडतात हे अजिबात चालत नाही. १३ अँपिअर गुणिले ५ म्हणजे ६५ वॅट उष्णता त्या पेटीत. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि तो कथील वितळवतो. तुमच्या लोखंडी पेटीत तसे दोन-अडीच आयर्न जळताहेत, गिझर चालू असेपर्यंत, लाकडी बोर्डावर. किटकॅटचे चिमटे सैल पडलेत किंवा स्विचची पाती जळलीत. तोवर गिझर बंद ठेवा, आणि पेटी आधी बदला. बाकी सगळं नंतर.

भार नसताना दोन्हीकडे २३२ होते हे नीट बघा. सैल जोड बिनभाराच्या मोजमापात कधीच दिसत नाही. म्हणून "व्होल्टेज बरोबर आहे" म्हणून निघून जाणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

काजवा

सगळं वायरिंगच बदललं तर? आमच्याकडे तोच सल्ला मिळतो.

शून्याची_तार

सल्ला वाईट नाही, पण वायर बघून द्यावा. खालच्या मजल्यावर लाकडी पट्टीत दोन प्रकार मिळतील. वायरवर सुती वेष्टण आणि आत काळं रबर असेल तर ती बदलायचीच. ते रबर वाळून खडखडीत होतं. भिंतीत स्वस्थ पडून असेतो तारेला धरून राहतं, बटणाशी वाकवलं की गळून पडतं आणि उघडी तार हातात येते. अशा वायरला नवीन बटणं जोडणं म्हणजे आजार वाढवणं. प्लास्टिकच्या आवरणाची असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्या. उपकरणं आणि बल्ब काढून, फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी. १ मेगाओहमच्या खाली आलं तर त्या सर्किटचा दोष शोधायचा. चांगली वायर शेकडो दाखवते.

जाडीही महत्त्वाची. जुने लोक "तीन-बावीस", "सात-वीस" म्हणतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सगळी मिळून जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. ती दिव्यांची वायर, तिच्यावर ६ अँपिअरची एमसीबी, फार तर १०. सात-वीस साधारण ४.६ चौरस मिलिमीटरची, ती गिझरला पुरते. घोळ कुठे होतो? किटकॅटमध्ये तार टाकताना प्रत्येक वेळी जरा जाड टाकली गेलेली असते. त्यातून ५ अँपिअरची म्हणून मिळणारी तारही जळायला साधारण दुप्पट करंट घेते. मग जुन्या किटकॅटच्या जागी ठेकेदार ३२ची एमसीबी बसवतो, "सारखी पडू नये" म्हणून. आता त्या साखळीत सगळ्यात आधी जळणारी वस्तू म्हणजे भिंतीतली वायर. एमसीबी वायरकडे बघून निवडायची, उपकरणाकडे बघून नाही.

ओहमपूर

रंगांवर विसंबू नका, हेही जोडतो. जुन्या पद्धतीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. नव्या पद्धतीत बऱ्याच ठिकाणी तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या तीन फेजच्या जोडणीत निळा हा फेज असायचा, आणि अमेरिकेत तर काळी तार फेजची. खाली जुनं आणि वर नवं काम असलेल्या घरात दोन्ही पद्धती एकाच पाइपात भेटतात.

वळचण

आमच्याकडे तसंच निघालं. वरच्या डब्यात तपकिरी-निळी, आणि जिन्यात जोड मारून पुढे लाल-काळी, एका ठिकाणी उलटसुलट.

आतापर्यंत झालेलं काम: लोखंडी पेटी गेली, दोन्ही तारा तोडणारा नवा मेन स्विच आला, त्याला न्यूट्रलमध्ये फ्यूज नाही. अंगणात नवा इलेक्ट्रोड घातला, रोध मोजून कागदावर लिहून घेतला. आरसीसीबी लावली. आता गंमत अशी की खालचं सर्किट चालू केलं की आरसीसीबी ठीक राहते, वरचंही एकटं चालू केलं तर ठीक. दोन्ही चालू करून वरच्या माडीतला एक विशिष्ट पंखा लावला की फट्कन पडते. ठेकेदार म्हणतो पंखा बदला.

ओहमपूर

आरसीसीबी एकच आहे की दोन मजल्यांना दोन?

वळचण

दोन. खालची पडत नाही, वरची पडते. नाही, थांबा, बघून सांगते. दोन्ही पडतात, जवळजवळ एकदम.

ओहमपूर

मग पंखा निर्दोष. त्याचा फेज वरच्या सर्किटचा आणि न्यूट्रल खालच्या. वरच्या आरसीसीबीतून करंट गेला पण परत आला नाही, खालच्या आरसीसीबीत न गेलेला करंट परत आला. दोघींनाही तूट दिसली. "वरचं एकटं चालू" होतं तेव्हा तो पंखा लावला होता का? नसणारच. तेव्हा खालचं बंद असल्याने त्याला न्यूट्रलच नव्हता, तो फिरलाच नसता. पंखा न बदलता त्याच्या बटणामागचा जोड उघडायला सांगा, मेन बंद करून.

शून्याची_तार

आरसीसीबी नव्हती तोवर हा दोष दडून होता. लोक मग "ही सारखी पडते" म्हणून आरसीसीबीच काढून टाकतात. तिने जुनं पाप दाखवलं एवढंच.

सांजवात

एकदा आमच्या आळीत काही घरांत बल्ब भगभगायला लागले होते आणि काही घरांत मिणमिणत होते, टीव्ही जळले. तो यातलाच प्रकार का?

मीटरवाचक

वेगळा आणि जास्त वाईट. खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी सामायिक न्यूट्रल तुटला. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या मालिकेत येतात, आणि दोन फेजमधले सुमारे ४०० व्होल्ट त्यांच्यात भारानुसार वाटले जातात. कमी भाराच्या घराला जास्त व्होल्ट. एक फेजची जोडणी असली तरी सुटका नाही. दिवे अकारण भगभगले की उपकरणं एकेक बंद करत बसायचं नाही, थेट मेन पाडायचा, कंपनीला कळवायचं आणि शेजाऱ्यांनाही हाक मारायची.

वळचण

पंख्याचं तसंच निघालं, न्यूट्रल खालच्या बैठकीच्या दिव्याचा होता. सोडवला. गिझर आता लावला तरी दिवे हलत नाहीत आणि लॅपटॉपही शांत आहे, न्यूट्रल-अर्थ १ व्होल्टच्या आसपास.

राहिला जिन्यातला दिवा. आजोबा म्हणतात राहू दे, आम्हाला त्याचं बिल जड नाही.

शून्याची_तार

आजोबांना नमस्कार सांगा, पण तोडा. शेजारच्यांच्या फेजचं टोक तुमच्या भिंतीत नको, आणि त्यांच्याकडे उद्या कोणी आरसीसीबी लावली तर तुमच्या जिन्यामुळे त्यांचं घर अंधारात बसेल. तार त्यांच्या बाजूने, त्यांच्या बोर्डातून सोडवायची. तुमच्या बाजूने कापून टेप गुंडाळायची नाही. तोवर तुमच्या मेन स्विचच्या झाकणाच्या आत ठळक अक्षरांत लिहून ठेवा: "जिन्यातला दिवा शेजारच्या मीटरवर, हा मेन पाडला तरी जिवंत." आणि तशीच चिठ्ठी आजोबांच्या बोर्डावरही.

वळचण

दोन्हीकडे लावली. आजोबांचा बोर्ड उघडायला रविवारी माणूस येतोय.